सकाळचे वर्ग, दुपारची नोकरी आणि संध्याकाळची खिडकी : एका विद्यार्थी सहाय्य कक्षाचे परीक्षण

पुण्यातील वाणिज्य आणि विधी शाखेच्या अनेक महाविद्यालयांत वर्ग सकाळी सात-साडेसातला सुरू होतात आणि अकराच्या सुमारास संपतात. ही वेळ सगळ्यांच्याच सोयीची असते. दुपारी तीच इमारत कनिष्ठ महाविद्यालयाला किंवा दुसऱ्या शाखेला लागते, आणि विद्यार्थ्यांनाही अकरानंतर सीएच्या कार्यालयात आर्टिकलशिप, वकिलाच्या हाताखाली उमेदवारी किंवा लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात नोकरी करता येते. मात्र त्याच इमारतीतील स्टुडंट सेक्शनची खिडकी अकराला किंवा साडेअकराला उघडते, मध्ये जेवणाची सुट्टी घेते आणि चार-साडेचारला कागद घेणे थांबवते. शिष्यवृत्ती, फीचे हप्ते, सवलतीचा पास, समुपदेशन यांची गरज ज्याला सर्वांत जास्त असते, तो विद्यार्थी नेमक्या याच वेळात शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर असतो. कोणत्याही योजनेच्या नियमावलीत असे लिहिलेले नसले, तरी प्रत्यक्षात खिडकीची वेळ हीच त्या योजनेची पहिली पात्रता ठरते.

या पार्श्वभूमीवर, मी ज्या अनुदानित महाविद्यालयात एम.कॉम. करते आहे, त्याने गेल्या शैक्षणिक वर्षापासून सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्य कक्षाचे हे परीक्षण आहे. बी.कॉम.ही मी इथेच केले असल्याने जुनी व्यवस्था मला चांगली ठाऊक आहे, आणि दुपारी एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करत असल्याने खिडकीच्या वेळेचा प्रश्न माझा स्वतःचाही आहे. महाविद्यालयाचे नाव मी देत नाही. व्यवस्था सुधारण्याची खटपट चालू असताना कोणाला खिंडीत गाठण्याची माझी इच्छा नाही, आणि ज्या उणिवा पुढे येणार आहेत त्या शहरातील इतर ठिकाणीही थोड्याफार फरकाने दिसतात. नव्या व्यवस्थेत दाखले, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, समुपदेशन आणि दिव्यांग विद्यार्थ्यांची मदत ही पूर्वी तीन मजल्यांवर विखुरलेली कामे तळमजल्यावर एकत्र आणली आहेत. आठवड्यातून चार दिवस कक्ष रात्री साडेआठपर्यंत उघडा असतो, फोनवरून वेळ घेता येते आणि साध्या दाखल्यांचे अर्ज मोबाईलवरून करता येतात.

सर्वांत मोठा फरक शिष्यवृत्तीच्या कामात पडला आहे, आणि तो समजण्यासाठी महाडीबीटीचा, म्हणजे राज्य शासनाच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज कसा फिरतो हे माहीत असावे लागते. विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो महाविद्यालयातील लिपिकाच्या लॉगिनवर येतो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनवर जातो आणि मग संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे पोहोचतो. मध्ये कोठेही उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट आहे, शिक्षणात खंड (गॅप) असताना त्याचे प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही, असे आढळले की अर्ज परत विद्यार्थ्याकडे येतो. ज्याला आपण सगळे ‘सेंड बॅक’ म्हणतो तो हाच प्रकार. अर्ज परत आल्याचे वेळेत विद्यार्थ्याच्या लक्षात आले नाही, किंवा लक्षात येऊनही लिपिक भाऊसाहेबांना भेटायला सवड झाली नाही, तर सगळे वर्ष हातचे जाऊ शकते. पूर्वी आमच्याकडे परत आलेल्या अर्जांची यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागत असे, तीही दुपारी. आता कक्षातून विद्यार्थ्याला नेमकी त्रुटी काय आहे हे एका ओळीत मोबाईलवर कळवले जाते आणि संध्याकाळी येऊन ती दुरुस्त करता येते. यासाठी महाविद्यालयाला कोणतीही नवी यंत्रणा विकत घ्यावी लागलेली नाही. एक माणूस संध्याकाळी खुर्चीवर बसवावा लागला, इतकेच.

या कामातील खाचाखोचा कक्षातील मॅडमना उत्तम माहीत आहेत आणि त्यासाठी त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. एक उदाहरण देते. शिष्यवृत्तीची रक्कम आधार जोडलेल्या खात्यात जाते, आणि विद्यार्थ्याची एकापेक्षा जास्त खाती असतील तर आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याशी सीड झाले त्या खात्यात जाते. गावाकडच्या जिल्हा बँकेत खाते असलेल्या मुलाने पुण्यात नोकरीला लागताना पगाराचे खाते उघडले आणि तिथे आधार सीड झाले, की पैसे त्या नव्या खात्यात येतात. हा मात्र जुन्या पासबुकात नोंदी शोधत राहतो आणि पैसे आलेच नाहीत असे समजतो. दुसरी अडचण ओटीपीची. अनेकांच्या आधारला वडिलांचा मोबाईल जोडलेला असतो. वडील शेतात, तिथे रेंज नाही, आणि इकडे काही मिनिटांत ओटीपीची मुदत संपते. दुपारच्या गर्दीत ‘नंतर या’ याशिवाय यावर उत्तर नसते. संध्याकाळी मात्र वडील घरी आलेले असतात, फोन उचलतात आणि काम होऊन जाते. सेवेची वेळ ठरवताना विद्यार्थ्याच्या घरचा दिवसही विचारात घ्यावा लागतो, हे मला इथे प्रथम जाणवले.

माहितीच्या बाबतीत मात्र कक्ष कमी पडतो. भिंतीवर योजनांची नावे आहेत, पण कोणी कशासाठी अर्ज करावा हे समजेल असे काही नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे, तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ती अडीच लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यात भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशाच स्वरूपाची पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे. पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहून मेस लावणाऱ्याला या रकमेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. या निर्णयाची बातमी इतकी गाजली की साध्या बी.कॉम.च्या मुलीही ‘आमची फी माफ ना?’ असे विचारत कक्षात येतात, आणि ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे हे प्रत्येकीला स्वतंत्रपणे समजावून सांगावे लागते. एक सुबोध मराठी तक्ता दाराबाहेर लावला, तर मॅडमचा निम्मा वेळ वाचेल. हे मी सूचनापेटीत लिहून टाकले आहे. पेटीला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे आहे हे अजून ठरायचे आहे.

बोनाफाईडविषयी, म्हणजे महाविद्यालयात शिकत असल्याच्या दाखल्याविषयी, थोडक्यात सांगते, कारण इथे सुधारणा झाली आहे आणि ती चालूही आहे. बसच्या पासला बोनाफाईड लागते, मेट्रोच्या सवलतीच्या विद्यार्थी कार्डालाही शिकत असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे प्रवासात सवलत मिळावी म्हणून आधी पूर्ण तिकीट काढून कात्रज किंवा वाघोलीहून यावे लागायचे. आता मोबाईलवर अर्ज केला की साधारण दोन कामाच्या दिवसांत क्यूआर कोड असलेले बोनाफाईड फोनवर येते. मेट्रोची ३० टक्के सवलत पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, त्यामुळे माझ्यासारखीला तिचा उपयोग नाही. हा दोष कक्षाचा नाही, तरी पदव्युत्तर विद्यार्थी अचानक श्रीमंत होतात असा समज नेमका कशावरून झाला असेल, याचे कुतूहल मला आहे. एक खटकणारी गोष्ट मात्र तशीच आहे. राज्य शासनाने स्वयंसाक्षांकित, म्हणजे स्वतःच सही केलेल्या, प्रती स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्येच आणले, डिजिलॉकरमधील कागदपत्रांना कायद्याने मूळ कागदाचा दर्जा आहे, तरी परीक्षा विभागाच्या टेबलावर ‘झेरॉक्स अटेस्ट करून आणा’ हे वाक्य अजून ऐकू येते. कक्ष आणि परीक्षा विभाग एकाच दालनात बसतात, पण त्यांची वर्षे वेगवेगळी चालू असावीत.

समुपदेशनाची सेवा कागदावर पूर्वीपासून होती. बाहेरून येणाऱ्या समुपदेशक मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी बारा ते दोन या वेळेत प्राचार्यांच्या दालनाला लागून असलेल्या खोलीत बसत. खोलीबाहेरच्या बाकावर कोणी बसले की येणारे-जाणारे सगळे शिक्षक विचारपूस करत, तीही आपुलकीने, आणि त्या आपुलकीमुळेच तिथे कोणी बसत नसे. नव्या व्यवस्थेत खोली ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर गेली आहे. तिथे कोणीही कोणत्याही कारणाने जाऊ शकते, त्यामुळे पाहणाऱ्याला काही अंदाज येत नाही. वेळ फोनवरून ठरते, संध्याकाळी सहानंतरच्या वेळा आहेत आणि हवे असल्यास फोनवरच बोलता येते. फोनवर बोलण्याची सोय क्षुल्लक वाटेल, पण वसतिगृहाच्या फाटकाची वेळ सांभाळणाऱ्या मुलींना आणि रात्रीची पाळी करणाऱ्या मुलांना तीच उपयोगी पडते. समुपदेशक मराठीत बोलतात, ऐकून घेतात आणि उपदेश करत नाहीत. त्यांच्याकडे जाऊन आलेल्या दोघा-तिघांनी मला आपणहून हे सांगितले, यातच बरेच काही आले.

गोपनीयतेच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. वेळ घेताना भरायच्या अर्जात नाव, वर्ग, तुकडी, रोल नंबर आणि ‘समस्येचे थोडक्यात स्वरूप’ असे रकाने आहेत, आणि तो अर्ज कक्षाच्या सामाईक खात्यावर येतो. ज्या गोष्टी मैत्रिणीलाही सांगवत नाहीत, त्या रकान्यात कोण लिहील? नाव आणि फोन क्रमांक एवढ्यावर काम भागते, आणि तो अर्ज थेट समुपदेशकांकडेच जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे, आणि टेली-मानससारख्या मदतवाहिन्यांचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात व संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लावायचे आहेत. आमच्याकडे १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावलेला आहे, पण कक्षाच्या आतल्या भिंतीवर. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. तिचा उपयोग कक्ष बंद असताना सर्वांत जास्त, आणि कक्ष बंद असताना आतली भिंत दिसत नाही. जिन्यात, प्रसाधनगृहाच्या दारावर, ओळखपत्राच्या मागच्या बाजूला हा क्रमांक छापायला फारसा खर्च येणार नाही.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची व्यवस्था हा या कक्षाचा सर्वांत मिश्र भाग आहे. खिडकी तळमजल्यावर आल्याने पहिला अडथळा गेला. त्याआधी दिव्यांग प्रमाणपत्राची नोंद करण्याचे टेबल, काय योग म्हणावा, दुसऱ्या मजल्यावर होते. बाहेरच्या फाटकापासून उतार बांधला आहे, पण तो जिथे संपतो तिथे दाराचा जुना दगडी उंबरा तसाच आहे, त्यामुळे चाकांची खुर्ची शेवटी कोणीतरी उचलावीच लागते. लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत विद्यार्थ्याने सांगितलेले उत्तर लिहून देणाऱ्याची, व्यवस्था मात्र खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा एक पायरी कमी असावे लागते, आणि परीक्षार्थ्याला तासाला किमान वीस मिनिटे जास्त मिळतात, म्हणजे अडीच तासांच्या पेपरला पन्नास मिनिटे. पूर्वी असा लेखनिक शोधण्याचा भार विद्यार्थ्यावरच असे आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ओळखीपाळखीत फोन सुरू होत. आता कक्षाकडे तयार असलेल्या खालच्या वर्गांतील मुलामुलींची यादी आहे, त्यांना एकदा बसवून सराव दिला जातो, आणि ऐन वेळी कोणी आजारी पडले तर दुसरे नाव हाताशी असते. विषय समजणारा आणि अक्षर नीट असणारा लेखनिक मिळणे म्हणजे काय, हे ज्याला तोंडी सांगून उत्तरपत्रिका लिहून घ्यावी लागते त्यालाच विचारावे.

याच कक्षाच्या सूचना मात्र अंध विद्यार्थ्यांना वाचता येत नाहीत. कारण तांत्रिक आहे पण साधे आहे. कार्यालयातील मराठी टंकलेखन अजूनही जुन्या, युनिकोड ही सर्व यंत्रांना समजणारी अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये होते, त्याची छापील प्रत काढून सही-शिक्का घेतला जातो आणि त्या कागदाचा फोटो संकेतस्थळावर आणि व्हॉट्सअॅपवर टाकला जातो. फोनमधील वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तो फोटो म्हणजे निव्वळ चित्र असते, आणि मूळ फाईल दिली तरी जुन्या फाँटमुळे तिच्यातून अर्थहीन अक्षरे ऐकू येतात. डोळस विद्यार्थ्यांचीही यात अडचण होते, कारण अशा सूचनेत शोध घेता येत नाही आणि परीक्षा अर्जाची मुदत शोधायला महिनाभराचे फोटो पालथे घालावे लागतात. सूचना युनिकोडमध्ये टंकून तिचा मजकूर तसाच पाठवावा आणि सही-शिक्क्याची प्रत हवी तर सोबत जोडावी, एवढेच करायचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. त्या जागांवर आलेल्या विद्यार्थ्यांना सूचना वाचता येणार नसतील, तर तो प्रवेश अर्धाच झाला.

ग्रंथालयाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वाचनकक्ष आता रात्री दहापर्यंत उघडा असतो, दिवे चांगले आहेत, पाण्याची सोय आहे. पुस्तके देण्याघेण्याचे टेबल मात्र पाच वाजता बंद होते, त्यामुळे रात्री दहापर्यंत आपण आणलेली पुस्तके वाचायची. सदाशिव पेठेतील खासगी अभ्यासिका रात्रभर चालतात आणि भरलेल्याही असतात. विद्यार्थी केव्हा वाचतात हे त्या चालकांना पैशांच्या हिशेबाने कळले आहे, महाविद्यालयांना अजून कळायचे आहे.

संध्याकाळची खिडकी चालते कोणाच्या बळावर, हा प्रश्न परीक्षणात सहसा कोणी विचारत नाही. आमच्या कक्षात संध्याकाळी एक कंत्राटी मॅडम, एक शिपाईमामा आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थी असतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे, आणि गरजू विद्यार्थ्याने दिवसातले काही तास महाविद्यालयातच काम करून शिकावे हा तिचा हेतू आहे. या विद्यार्थ्यांमुळे कक्षाला माणूसबळ मिळते, त्यांना मानधन मिळते, आणि महाडीबीटीवर स्वतः ठेचकाळलेला मुलगा दुसऱ्याला जितके नीट समजावतो तितके कोणी समजावत नाही. हे सगळे मान्य करूनही एक मर्यादा आखायला हवी असे मला वाटते. या विद्यार्थ्यांच्या हाती इतरांच्या फायली असतात. फायलीत जातीचा दाखला, वडिलांचे उत्पन्न, कधी आईवडिलांच्या विभक्तपणाचे कागद असतात. आपल्याच वर्गातला मुलगा हे सगळे पाहतो आहे, या संकोचाने संध्याकाळी न येणाऱ्या दोन मुली मला माहीत आहेत. विद्यार्थी मदतनीसांनी अर्ज भरायला शिकवावे, टोकन द्यावे, रांग सांभाळावी. कागद मात्र मॅडमनीच हाताळावेत. आणि मॅडम एकट्या आहेत. दिवसभराच्या सेवकवर्गातील कोणाला आळीपाळीने संध्याकाळची वेळ आणि त्याबदली सकाळची सवलत देता आली असती, पण तसे झालेले नाही. डिसेंबरात त्या रजेवर होत्या तेव्हा संध्याकाळची खिडकी उघडी होती आणि तिच्यामागे काम करण्याचा अधिकार असलेले कोणीही नव्हते.

तक्रारीच्या सोयीबाबत कक्ष अगदीच थंड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तक्रार ऑनलाइन नोंदवता यायला हवी, समितीने तक्रार आल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत आपला अहवाल द्यायला हवा, आणि तिथे समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. आमच्या संकेतस्थळावर समितीच्या सदस्यांची नावे आहेत, त्यांपैकी एक सर निवृत्त होऊन गावी गेले आहेत. लोकपाल हा शब्द माझ्या वर्गातील बहुतेकांनी केवळ दिल्लीच्या बातम्यांत ऐकला आहे.

कक्षाकडून आणखी एक अपेक्षा आहे. शहरात महाविद्यालयाबाहेर ज्या सोयी आहेत, त्यांची वाट त्याने दाखवावी. परगावच्या विद्यार्थ्याला आधार देण्याची पुण्याची परंपरा जुनी आहे. वार लावून, म्हणजे आठवड्यातील प्रत्येक दिवशी वेगळ्या घरी जेवून शिकलेल्या मुलांच्या कथा इथल्या कित्येक कुटुंबांत ऐकायला मिळतात. त्या व्यवस्थेत जातीची बंधने होती, मिंधेपण होते, आणि तिची आठवण काढून कोणी गहिवरावे असे मला वाटत नाही. तिच्यानंतर संस्था उभ्या राहिल्या. १९०९ मध्ये सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखले जाते, आणि १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींसाठी आजही अल्प दरात वसतिगृहे चालवते. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच या संस्थांची माहितीपत्रके कक्षात ठेवली, तर जूनमध्ये कॉट शोधत भटकणाऱ्यांपैकी काहींना तरी योग्य दार सापडेल. सध्या कक्षात माहितीपत्रके आहेत ती एका खासगी स्पर्धा परीक्षा क्लासची आणि दोन बँकांच्या शैक्षणिक कर्जाची.

अभ्यासक्रमाच्या बाजूने लवचीकपणाची भाषा आता रुळली आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची मुभा आहे, आणि मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. परतणारा विद्यार्थी बहुधा नोकरी करणारा, कदाचित लग्न झालेला, घर सांभाळणारा असणार आहे. त्याचे काम साडेअकरा ते साडेचारच्या खिडकीवर होणार नाही. याच इमारतीत रविवारी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राची संपर्कसत्रे भरतात, आणि त्या दिवशी फाटक उघडे असते, शिपाईमामा असतात, दिवे चालू असतात. तरीही सहाय्य कक्ष रविवारी उघडता येत नाही, यासाठी दिले जाणारे ‘इमारत बंद असते’ हे कारण मला पटलेले नाही.

एकंदरीत, सकाळचे वर्ग करून दुपारी नोकरी करणाऱ्या, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या किंवा लेखनिकाची गरज असलेल्या विद्यार्थ्याला मी हे महाविद्यालय निःसंकोच सुचवीन, आणि पाचपैकी साडेतीन गुण देईन. चारवर मी जात नाही, कारण या व्यवस्थेचा सगळा भार एका अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. ते कंत्राट मे महिन्यात संपते आणि पदवीचे नवे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. प्रवेश घ्यायला येणाऱ्याने माहितीपुस्तिकेतील ‘रात्री साडेआठपर्यंत’ हे शब्द वाचून थांबू नये. एखाद्या संध्याकाळी सात वाजता स्वतः जाऊन खिडकीमागे कोण बसले आहे आणि त्या व्यक्तीकडे प्राचार्यांच्या सहीचे अधिकार आहेत का, हे विचारावे. कक्षातले लोक असे प्रश्न विचारल्याने रागावत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते.